वर्गणी भरली, पण गाणाऱ्याला काय मिळालं?

फुकट डाउनलोड करणाऱ्याला कुणी हटकलं की एक उत्तर हमखास येतं: "तसंही कलावंताला कुठे काय मिळतं? सगळा पैसा कंपन्याच खातात." कंपन्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: "पायरसी थांबवा, मग कलावंत जगेल." दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, म्हणून ती इतकी वर्षं टिकून आहेत. पण रसिक जे देतो आणि कलावंताच्या हाती जे पडतं, यांचा थेट संबंध आहे असं दोन्ही बाजू धरून चालतात. तो तसा नाही. मधे करार आहेत, वाटपाची सूत्रं आहेत आणि कायद्यातल्या व्याख्या आहेत. कलावंताचं पोट भरणार की नाही, हे बहुतेक वेळा तिथे ठरतं. त्यामुळे या लेखात मी पायरसीवर कमी आणि या मधल्या भागावर जास्त बोलणार आहे.

आधी पायरसीबद्दल

गाणं, पुस्तक, चित्रपट यांचं अर्थकारण विचित्र असतं. पहिली प्रत तयार व्हायला महिने, कधी वर्षं जातात आणि त्यात बऱ्याच माणसांचे पैसे नि कष्ट अडकतात. दुसरी प्रत मात्र जवळजवळ फुकट निघते. कॉपीराइट नावाची व्यवस्था या फरकातूनच जन्मली. इंग्लंडमध्ये १७१० साली त्याचा पहिला कायदा झाला, आणि १८८६ च्या बर्न करारानं तो हक्क देशांच्या सीमा ओलांडून मान्य केला. मूळ कल्पना साधी आहे: प्रत काढायची परवानगी निर्मात्याच्या हाती राहिली, तर पहिल्या प्रतीचा खर्च भरून निघेल.

पण हा हक्क विकता येतो, हेही त्याच वेळी ठरलं. पुढच्या बहुतेक गोष्टी या एका तरतुदीतून निघाल्या आहेत. कारण नवखा कलावंत करार करायला बसतो तेव्हा त्याला पैशांची निकड असते, आणि समोरच्याला नसते.

१९९९ साली नॅपस्टर आलं. लोक एकमेकांच्या संगणकावरची एमपीथ्री गाणी थेट उतरवून घेऊ लागले. दोन वर्षांत कोर्टाच्या दणक्यानं ते बंद पडलं, पण सवय लागून गेली होती. जगभरच्या रेकॉर्डेड संगीताचा धंदा १९९९ ते २०१४ या काळात सुमारे ४०% घसरला. या घसरणीतला नेमका किती वाटा पायरसीचा आणि किती बदलत्या सवयींचा, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. पायरसीनं काहीच नुकसान झालं नाही असं म्हणणारे मात्र फार थोडे आहेत. नुकसान झालं, आणि ते फक्त कंपन्यांचं झालं नाही. धंदा आटला की आधी छोट्या गायकांचे करार रद्द होतात, स्टुडिओतल्या वादकांची कामं जातात. मोठी नावं तगून जातात. "कंपन्यांचंच तर नुकसान" ही समजूत म्हणूनच मला पटत नाही.

पायरसीच्या साइट चालवणारेही काही कलेची सेवा करत नाहीत. त्यांना जाहिरातींचे पैसे मिळतात, त्यातही जुगाराच्या आणि फसव्या जाहिरातींचे बरेच. काही साइट तर भेट देणाऱ्याच्या संगणकात घातक सॉफ्टवेअर सोडतात. म्हणजे तिथेही मधले लोक कमावतातच, फक्त त्यांचा कलावंताशी कसलाही करार नसतो.

संगीतातली पायरसी ओसरली ती मुख्यतः खटल्यांमुळे नाही. पायरेट बे ही कुप्रसिद्ध साइट २००३ साली स्वीडनमध्ये सुरू झाली, आणि त्याच देशात २००६ साली इंटरनेटवरून गाणी ऐकवणारी स्पॉटिफाय ही सेवा स्थापन झाली, २००८ पासून ती लोकांच्या हाती आली. ज्या पिढीला गाणं विकत घ्यायची सवयच उरली नव्हती, तिच्यासाठी ही सेवा बांधलेली होती: शोधा, दाबा, ऐका. फाइल अर्धवट उतरणार नाही, व्हायरसची भीती नाही. व्हॉल्व्ह या गेम कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल बरीच वर्षं सांगत आले आहेत की पायरसीचं मूळ बहुतेक वेळा किमतीत नसतं, सेवेत असतं. संगीतानं ते खरं करून दाखवलं. २०२४ साली जगभरच्या रेकॉर्डेड संगीताची उलाढाल २९.६ अब्ज डॉलर होती आणि त्यातला ६९% हिस्सा स्ट्रीमिंगचा होता. (महागाई जमेस धरली तर १९९९ चं शिखर अजूनही उंच आहे, हे धंदा सावरल्याच्या बातम्यांत सहसा सांगितलं जात नाही.)

चित्रपट आणि मालिकांचं नेमकं उलट झालं. संगीतात एका वर्गणीत जवळजवळ सगळी गाणी मिळतात. पडद्यावरच्या गोष्टींसाठी मात्र प्रत्येक स्टुडिओनं आपापला दरवाजा काढला आणि प्रत्येक दाराशी वेगळी वर्गणी ठेवली. एक मालिका इथे, तिचा पुढचा भाग तिथे, आणि तिसरी गोष्ट तुमच्या देशात उपलब्धच नाही. वर्गणी भरूनही जाहिराती आल्या. २०२२ पासून तर काही सेवांनी खर्च आणि कर वाचवण्यासाठी स्वतःच बनवलेल्या मालिका काढून टाकल्या. ज्या कलाकृतीची अधिकृत प्रत कुठेच उरलेली नाही, ती पायरसीतच सापडते, आणि त्या वेळी पाहणाऱ्याला दोष देणं मला जड जातं. पैसे घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक माघारी पाठवायचं आणि मग त्याला चोर म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

वर्गणीचे पैसे जातात कुठे

आता मुख्य प्रश्न. तुम्ही संगीतसेवेची महिन्याची वर्गणी भरली. तुमच्या मनात चित्र असं असतं की मी ज्यांना ऐकतो त्यांना यातले पैसे मिळतील. बहुतेक सेवांमध्ये तसं होत नाही.

समजा एका सेवेला दोनच ग्राहक आहेत. दोघेही १०० भरतात. सेवा स्वतःसाठी साधारण ३० ठेवते आणि ७० हक्कदारांना देते. मोठ्या सेवांचं प्रमाण ढोबळमानानं असंच असतं. म्हणजे वाटायला १४० जमले. पहिला ग्राहक महिनाभरात एकाच लोकगायिकेची गाणी २० वेळा ऐकतो, बाकी काही ऐकत नाही. दुसऱ्याकडे दिवसभर काही ना काही चालू असतं, त्याची ९८० गाणी होतात, सगळी इतरांची. एकूण १,००० वेळा गाणी वाजली, त्यात आपल्या लोकगायिकेचा वाटा २%. म्हणून तिच्या नावे १४० चे २%, म्हणजे २.८ जमा होतात. पहिल्या ग्राहकानं तिच्याखेरीज कुणालाच ऐकलेलं नाही, तरी त्याच्या ७० पैकी ६७.२ त्यानं कधी न ऐकलेल्या लोकांकडे गेले.

या पद्धतीत सगळ्यांच्या वर्गण्या एकाच पेटीत पडतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटल्या जातात. तिचा एक गुण मान्य करायला हवा: हिशेब सोपा आहे आणि प्रत्येक ऐकण्याची किंमत सारखी धरली जाते. पण यातून वरचेवर आणि पार्श्वभूमीला वाजणाऱ्या संगीताला झुकतं माप मिळतं. ३० सेकंद वाजलं की गाणं ऐकलं असं मोजतात, त्यामुळे दोन मिनिटांचं गाणं आणि वीस मिनिटांची शास्त्रीय रचना एकाच भावानं जाते. शिवाय पेटी सामाईक असल्यानं तिच्यात हात घालणं फायद्याचं ठरतं. २०२४ साली अमेरिकेत एका माणसावर आरोप ठेवला गेला की त्यानं एआयनं लाखो गाणी तयार करवून, बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) लावून ती वाजवली आणि १ कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी उचलली. हे पैसे सेवेच्या खिशातून गेले असं वाटेल, पण ते त्या पेटीतल्या इतर कलावंतांच्या वाट्यातून गेले.

यावर उपाय म्हणून प्रत्येक ग्राहकाचे पैसे त्यानं ऐकलेल्यांनाच द्यावेत, असा प्रस्ताव आहे. साउंडक्लाउड या संगीतसेवेनं २०२१ मध्ये ही पद्धत काही कलावंतांसाठी सुरू केली. मलाही ती जास्त न्याय्य वाटते, पण तिच्याकडून फार मोठी आशा ठेवू नये. त्याच वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्रानं हिशेब मांडून पाहिला. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा वाटा वाढत होता, रॅप-हिपहॉपचा घटत होता, आणि पहिल्या १०,००० कलावंतांपलीकडच्यांना वर्षाकाठी सरासरी जेमतेम काही युरोंचा फरक पडत होता. पेटीच लहान असेल तर वाटपाचं सूत्र बदलून कितीसं साधणार?

आता ती २.८ ची रक्कम पुढे कुठे जाते ते पाहू. अनेकांना वाटतं की सेवा पैसे गायकाला देते. सेवा देते हक्कदाराला. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा वाटा रचनेच्या कितीतरी पट मोठा असतो आणि तो सहसा रेकॉर्ड कंपनीकडे असतो. कंपनी करारानुसार गायकाला त्यातली काही टक्के रॉयल्टी देते. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणानं २०२२ साली तपासलं, तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या करारांत हा सरासरी दर २०१२ मधल्या १९.७% वरून २०२१ पर्यंत २३.३% झालेला आढळला. म्हणजे सुधारणा आहे. पण त्याच अहवालात हेही होतं की ब्रिटनमध्ये वर्षाला १ कोटी २० लाख वेळा गाणी वाजली, तर कलावंताला सुमारे १२,००० पौंड मिळतात. आणि इतकी गाणी वाजणारे कलावंत १% सुद्धा नाहीत.

एवढ्यावरही संपत नाही. करार करताना कंपनी आगाऊ रक्कम देते. ती कलावंताच्या रॉयल्टीतून वळती करून घेतली जाते, आणि मुद्रणाचा, कधी व्हिडिओचा खर्चही त्याच खात्यात चढतो. हे खातं फिटेपर्यंत गायकाच्या हाती एक पैसाही पडत नाही. मधल्या काळात कंपनीचा वाटा चालूच असतो, त्यामुळे कंपनीचा खर्च निघून नफा झाला तरी कलावंत कागदोपत्री कर्जदारच राहतो. दशकं अशी गेलेले कलावंत आहेत. २००० च्या आधी करार केलेल्यांची ही जुनी बाकी आता आड येऊ देणार नाही, असं सोनी या बड्या रेकॉर्ड कंपनीनं २०२१ मध्ये जाहीर केलं. पुढच्या वर्षी युनिव्हर्सल आणि वॉर्नर या दुसऱ्या दोन बड्या कंपन्यांनीही तसंच पाऊल उचललं. हे कुठल्या नव्या कायद्यानं घडलं नाही. त्याच सुमारास ब्रिटिश संसदेची समिती स्ट्रीमिंगचं अर्थकारण तपासत होती आणि सगळी व्यवस्थाच नव्यानं मांडायला हवी असं म्हणत होती. पैशाचा मार्ग उजेडात आला की काही गाठी आपोआप सैल होतात.

तबलजीचं काय?

या विषयात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट गायकांची नाही, वादकांची आहे. गाण्यात बासरी, तबला, व्हायोलिन वाजवणाऱ्याला त्या दिवसाचं मानधन मिळतं आणि तो घरी जातो. गाणं पुढे किती चाललं याच्याशी त्याचा सहसा संबंध उरत नाही.

रेडिओच्या बाबतीत मात्र अनेक देशांनी वेगळा विचार केला होता. १९६१ च्या रोम करारानं असं तत्त्व मांडलं की ध्वनिमुद्रित संगीत प्रसारित झालं तर रास्त मोबदला द्यावा लागेल. अनेक देशांत हा पैसा सामूहिक संस्थेमार्फत गोळा होतो आणि वादकांपर्यंत थेट जातो. कंपनीच्या करारात काय लिहिलंय, आगाऊ रक्कम फिटली की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

मग स्ट्रीमिंगला हे का लागू नाही? कारण १९९६ च्या आंतरराष्ट्रीय करारात, ऐकणाऱ्यानं हव्या त्या वेळी गाणं मागवून ऐकणं ही प्रसारणापेक्षा निराळी गोष्ट ठरवली गेली. त्यासाठी कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाला, दिसायला रेडिओच्या हक्काहून भारी. परवानगी द्यायची की नाही हे त्यानं ठरवायचं. पण हा हक्क करारानं देऊन टाकता येतो, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशीच्या कागदावर तो देऊन टाकलेलाच असतो. एका व्याख्येनं वादकाचं उत्पन्न असं निसटलं. जेव्हा संगीत रेडिओवरून उठून फोनमध्ये आलं, तेव्हा वादकांचा हिस्सा मागेच राहिला.

अमेरिकेत याचं उलटं रूप दिसतं. तिथली साधी रेडिओ केंद्रं गायक-वादकांना काहीच देत नाहीत, पण उपग्रह आणि इंटरनेट रेडिओच्या पैशाची वाटणी कायद्यानंच ठरवली आहे: ५०% ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५% मुख्य कलावंताला आणि ५% साथीच्या वादक-गायकांना. पाच टक्के थोडे वाटतील, पण ते थेट मिळतात.

स्पेननं मागवून ऐकण्यासाठीही कलावंताला सोडून देता न येणारा मोबदल्याचा हक्क दिला. उरुग्वेनं २०२३ साली तसा प्रयत्न केला, तेव्हा स्पॉटिफायनं देश सोडून जाण्याची घोषणा केली. आम्ही हक्कदारांना पैसे देतोच, एकाच गोष्टीचे दोनदा का द्यायचे, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारनं जादा भार सेवेवर येणार नसल्याचं स्पष्ट केल्यावर स्पॉटिफायनं जाण्याचा बेत सोडला. सेवेचा युक्तिवाद पूर्ण खोटा नाही, कारण पैसा खरंच एकदा देऊन झालेला असतो. वादकाचा हिस्सा कुणाच्या वाट्यातून काढायचा हा खरा प्रश्न आहे, आणि रेकॉर्ड कंपन्या त्यावर फारशा बोलत नाहीत.

पडद्यामागे

चित्रपट-मालिकांच्या लेखकांना आणि नटांना अमेरिकेत प्रत्येक पुनःप्रसारणासाठी हिस्सा मिळतो. १९६० साली दोघांच्या संघटनांनी एकाच वेळी संप केला होता, तेव्हा मुख्य मागणी चित्रपट टीव्हीवर दाखवल्याच्या मोबदल्याची होती. स्ट्रीमिंगमध्ये पुनःप्रसारण ही गोष्टच नाहीशी झाली. मालिका तिथे असते, कायमची. किती लोकांनी पाहिली हे फक्त सेवेला ठाऊक. म्हणून २०२३ मध्ये पुन्हा दोघे एकत्र रस्त्यावर आले. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, नटांचा ११८. लेखकांनी मिळवलेल्या गोष्टींत एक अशी: मालिका पहिल्या ९० दिवसांत देशातल्या २०% वर्गणीदारांच्या संख्येइतक्या लोकांनी पाहिली, तर बोनस. दुसरी, किती तास पाहिली गेली ती आकडेवारी संघटनेला दाखवायची. मला दुसरी जास्त मोलाची वाटते. आकडाच माहीत नसेल तर हिस्सा मागणार कशाचा?

२०१९ च्या युरोपीय कॉपीराइट निर्देशातही हाच धागा आहे. हक्क दिलेल्या कलावंताला आपल्या कामातून किती उत्पन्न झालं हे वर्षातून एकदा तरी कळलं पाहिजे, आणि ठरलेला मोबदला यशाच्या मानानं फारच तोकडा निघाला तर तो वाढवून मागता आला पाहिजे. जर्मनीत असा कायदा आधीपासून आहे. 'दास बूट' या १९८१ च्या चित्रपटाचे छायालेखक योस्ट वाकानो त्याच्या आधारे म्हातारपणी अनेक वर्षं कोर्टात लढले आणि जादा मोबदल्याचा हक्क त्यांनी मान्य करून घेतला. भारतानं २०१२ साली आपला कायदा बदलून चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा करारानं काढून घेता येणार नाही, असं केलं. हे सगळे कायदे निरनिराळे आहेत, पण निकडीच्या क्षणी सही केली म्हणून पुढची चाळीस वर्षं गमवावी लागू नयेत, एवढं ते सगळे मान्य करतात.

परवडणारं आणि रास्त, दोन्ही जमतं का?

जमतं, आणि त्याची उदाहरणं इंटरनेटपेक्षा जुनी आहेत. डेन्मार्कनं १९४६ साली ठरवलं की सार्वजनिक वाचनालयात पुस्तक वाचलं जातं त्याचा मोबदला सरकार लेखकाला देईल. वाचक एक पैसा भरत नाही आणि लेखकाला तरी मिळतं. नंतर अनेक देशांनी हे स्वीकारलं. टेपरेकॉर्डर घरोघरी आले तेव्हा लोक कॅसेटी भरणारच हे ओळखून जर्मनीनं १९६५ साली यंत्राच्या किमतीवरच छोटी आकारणी बसवली आणि तो पैसा निर्मात्यांत वाटला. कुणाच्या घरी पोलीस पाठवावे लागले नाहीत.

आपल्यापुरतं सांगायचं तर जो कलावंत मनापासून आवडतो त्याचं काम थेट विकत घेणं हा आजही सगळ्यात सरळ रस्ता आहे. बँडकॅम्प ही कलावंतांचं संगीत थेट विकणारी साइट; ती डिजिटल विक्रीवर साधारण १५% घेते आणि व्यवहार शुल्क वगळून बाकीचे कलावंताला किंवा त्याच्या कंपनीला देते. एका अल्बमच्या विक्रीतून जे मिळतं, तेवढ्यासाठी स्ट्रीमिंगवर गाणी हजारो वेळा वाजावी लागतात. वर्गणी मात्र त्यासाठी सोडायची गरज नाही; शोधायला आणि ओळख व्हायला ती उत्तमच आहे.

आणि पायरसी करणारा आता फक्त घरी बसलेला विद्यार्थी उरलेला नाही. २०२५ साली अँथ्रॉपिक या एआय कंपनीविरुद्ध लेखकांनी लढलेल्या खटल्यात अमेरिकी न्यायाधीशांनी म्हटलं की विकत घेतलेल्या पुस्तकांवर मॉडेल शिकवणं कायद्यात बसतं, पण पायरेटेड पुस्तकांचा साठा उतरवून ठेवणं बसत नाही. कंपनीनं १.५ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली, म्हणजे एका पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर. आकडा जाहीर झाला आणि लगेच पुढचा प्रश्न आला: या ३,००० मधले लेखकाचे किती आणि प्रकाशकाचे किती?